डायरीवर विश्वास कोण ठेवतो?

अध्यक्ष महोदय, ग्रंथालयाचे पदाधिकारी आणि सोयाबीनची मळणी आटोपून एवढ्या संख्येने आलेल्या श्रोतेहो,

फलकावर 'रहस्यकादंबरीतील विवाह' असा विषय लिहिला आहे आणि त्यावर मी बोलणारच आहे. परंतु गेल्या हिवाळ्यात आपल्या वाचक मंडळाने गिलियन फ्लिन यांची 'गॉन गर्ल' ही 2012 सालची अमेरिकन कादंबरी कशी वाचली, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पुस्तक इंग्रजीतले, प्रत एकच आणि इंग्रजी सराईतपणे वाचणारे मोजकेच. त्यामुळे दर शनिवारी ठरलेली प्रकरणे मी मराठीतून सांगावीत आणि पुढचे अक्षरही फोडू नये, असा नियम झाला. तो मोडावा म्हणून मला किती हुरड्याची आमंत्रणे आली, हे येथे सांगणे शिष्टाचाराला धरून होणार नाही. ज्यांना रहस्य कळू द्यायचे नसेल त्यांनी आत्ताच बाहेर चहा घ्यावा. तो तयार आहे.

मिसूरी राज्यातल्या, मिसिसिपी नदीकाठच्या एका लहान गावात निक आणि एमी डन हे जोडपे राहते. दोघांच्याही न्यूयॉर्कमधल्या नोकऱ्या मंदीत गेलेल्या आणि निकची आई आजारी, म्हणून ते त्याच्या गावी परतलेले. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी एमी घरातून नाहीशी होते. यापुढे एक प्रकरण निकच्या तोंडून आणि एक एमीच्या जुन्या डायरीतून, अशी कथा चालते. निक पोलिसांशी खोटे बोलतो आणि आपण किती वेळा खोटे बोललो, हे वाचकाला मोजून सांगतो. डायरीतली एमी मात्र आधी आनंदी, मग हळवी आणि मग भेदरलेली. आपल्या मंडळातले निम्मे सदस्य गावच्या तंटामुक्ती समितीवर असल्यामुळे आणि तिथे जो आधी रडतो त्याची बाजू खरी मानण्याचा प्रघात असल्यामुळे, महिन्याभरात निकला फाशी ठोठावून सगळे मोकळे झाले होते.

एकट्या बचत गटाच्या सचिव वहिनी गप्प होत्या. एका शनिवारी त्यांनी मला मध्येच थांबवले. "गुरुजी, हे डायरी एका बैठकीत लिवली हाये. माह्यावर भरोसा नसन तं पुढचं वाचून पाहा." मी पुढचे वाचलेले होते, चेहरा कोरा ठेवण्यासाठी मला चष्मा पुसावा लागला.

त्यांनी मग जे विवेचन केले ते कोणत्याही समीक्षकाने हेवा करावा असे होते. बँकेचे साहेब तपासणीला येणार असले की काही गटांत सहा महिन्यांची इतिवृत्ते एका रात्रीत लिहिली जातात. लिहिणारी बाई हुशार असते. ती मध्येच पेन बदलते, कधी एखादीला गैरहजर दाखवते, एखाद्या पानावर चहाचा डागही पाडते. तरीही तसे रजिस्टर ओळखू येते, कारण त्यात निरर्थक असे काहीच घडत नाही. खऱ्या बैठकीत कोणाची तरी शेळी ओसरीवर चढते, हप्त्याचा वाद अर्धवट राहतो आणि पुढच्या महिन्यात कोणाला आठवतही नाही. रात्रीत लिहिलेल्या रजिस्टरातली प्रत्येक बैठक मात्र सरळ कर्जमंजुरीकडे चालत जाते. एमीच्या डायरीतली प्रत्येक नोंद अशीच नवऱ्याच्या भीतीकडे चालत जाते; ती बंदूक विकत घ्यायला जाते, तेही योग्य पानावर. दुसऱ्या भागात एमी स्वतःच सांगते की नवऱ्याला अडकवण्यासाठी ती डायरी तिने रचली होती. त्या शनिवारी वहिनींना पहिल्या रांगेत खुर्ची देण्यात आली आणि ती अजून त्यांचीच आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. शेवटच्या एसटीला थोडाच वेळ उरला आहे. तेव्हा जाहीर केलेला विषय आता घाईने मांडतो.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 1890 साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. तिथे यमुना स्वतः आपली कहाणी सांगते, आणि घरात जिचे कोणी ऐकले नाही तिचे मराठी वाचकाने ऐकले. दुःख सांगणाऱ्या स्त्रीवर विश्वास ठेवण्याची ती सवय आपण कष्टाने लावून घेतली. फ्लिन नेमकी तीच सवय हाताशी धरून वाचकाला फसवतात.

यावर मंडळातल्या एका तरुण शिक्षिकेने रास्त आक्षेप घेतला, की अशा कथांमुळे खऱ्या तक्रारीही खोट्या ठरवल्या जातील. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळालाही छळ मानले, ते अशा अविश्वासाशी झगडूनच, असे त्या म्हणाल्या. माझे उत्तर एवढेच, की कादंबरी निकलाही सोडत नाही. लहान खोटी मोजून सांगणारा हा गृहस्थ आपल्या विद्यार्थिनीशी असलेले संबंध बराच काळ पोलिसांपासून आणि वाचकापासूनही लपवतो. एमी खोटी ठरली म्हणून निक खरा ठरत नाही. तंटामुक्तीच्या सदस्यांना हे मान्य व्हायला दोन बैठका लागल्या.

शेवट तर त्यांना अजून मान्य नाही. यमुनेच्या कहाणीचा शेवट मृत्यूत होतो आणि वाचक रडून मोकळा होतो. इथे एमी परत येते, मग तिला दिवस जातात, निक सर्व काही जाणूनही तिच्याजवळ राहतो आणि निकाल द्यायला कोणी उरतच नाही. तो का राहिला, यावर मंडळात उभे तट पडले आहेत आणि दोन्ही तटांचे म्हणणे ऐकायला आज वेळ नाही. एसटीने जाणाऱ्यांनी कृपया आता उठावे; बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत.