विटा झेलणारे हात

[दृश्य: सॅन फ्रान्सिस्को, कँडलस्टिक पार्क. भरलेलं मैदान, वाऱ्याचा आवाज.]

१९८५ सालचा मोसम. अंगात ८० नंबरची लाल जर्सी, वय बावीस-तेवीस. पोरगा पळतो, वळतो, समोरच्या रक्षकाला मागे टाकतो आणि एकटा, मोकळा उभा राहतो. चेंडू नेमका त्याच्या तळहातांवर येतो. आणि खाली पडतो.

असं एकदा नाही, त्या मोसमात पुन्हा पुन्हा झालं. घरच्याच मैदानावर, घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. आपल्याकडे सीमारेषेवर सोपा झेल सुटला की स्टेडियममध्ये जो आवाज उठतो, तोच.

त्या पोराचं नाव जेरी राइस. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, त्याच्याइतके झेल आजवर कुणीच घेतलेले नाहीत. एकूण १,५४९. आपण मात्र त्या आकड्यापाशी जाणार नाही. आपण थांबणार आहोत सुरुवातीच्या वर्षांपाशी, जेव्हा चेंडू हातात थांबत नव्हता.

[दृश्य: मिसिसिपीतला कच्चा रस्ता, दुतर्फा शेतं.]

मिसिसिपी राज्यातलं क्रॉफर्ड हे छोटंसं गाव. घरात आठ भावंडं. वडील जो नेथन राइस गवंडी होते. दक्षिणेतला उन्हाळा, अंग भाजणारं ऊन, आणि बापाच्या हाताखाली राबणारी मुलं. कुणी माल कालवायचा, कुणी विटा वाहायच्या. जेरी परांचीवर उभा असायचा. खालून भाऊ चार-चार विटा एकावर एक रचून वर भिरकवायचा. हवेत त्या विटा सुट्या व्हायच्या, एक इकडे, एक तिकडे. जेरी त्या झेलायचा.

आपल्याकडे कुठल्याही बांधकामापाशी दोन मिनिटं थांबलं तरी हे दिसतं. खालचा माणूस न बघता वीट सोडतो, वरचा अलगद धरतो. वीट झेलणारा हात ताठ धरत नाही. ती येते तसा हात मागे घेत घेत तिचा जोर जिरवतो. चुकलं तर बोट सोलवटतं किंवा वीट खालच्या माणसाच्या डोक्यात जाते. जेरी राइसच्या हातांबद्दल बोलताना ही विटांची गोष्ट सगळेच सांगतात. मला मात्र वाटतं, विटांनी त्याचे हात जितके घडवले, त्याहून जास्त त्याचं लक्ष घडवलं. वीट हवेत असताना दुसरा कुठलाच विचार मनात येऊ शकत नाही.

फुटबॉलकडे तो वळला तो शाळा बुडवल्यामुळे. वर्गाबाहेर भटकताना शाळेतल्या एका वरिष्ठांनी त्याला मागून हटकलं आणि हा असा सुसाट पळाला, की पुढे शिक्षा झालीच, पण त्याच्या पळण्याची खबर फुटबॉलच्या प्रशिक्षकांपर्यंतही पोचली.

[दृश्य: मिसिसिपी डेल्टा. सपाट जमीन, दूरवर कॉलेजच्या इमारती.]

मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. तो गेला इट्टा बेना या गावातल्या मिसिसिपी व्हॅली स्टेट विद्यापीठात. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभी राहिलेली ही संस्था. टीव्हीचे कॅमेरे तिकडे क्वचित वळायचे. पण तिथे आर्ची कूली नावाचे प्रशिक्षक होते. ‘गनस्लिंगर’ हे त्यांचं टोपणनाव. काउबॉय हॅट घालून मैदानाच्या कडेला उभे राहायचे आणि त्या काळात कुणाच्या स्वप्नातही नसलेला खेळ खेळवायचे.

इथे थोडं थांबून खेळ समजून घेऊ. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो. वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेच्या बाजूने पळत सुटतो, ठरलेल्या वळणावर वळतो आणि तो चेंडू झेलतो. तो वळायच्या आधीच पुष्कळदा चेंडू हवेत सुटलेला असतो. म्हणजे भरवसा दोन्ही बाजूंनी लागतो: फेकणाऱ्याला पळणाऱ्याच्या पावलांचा, पळणाऱ्याला फेकणाऱ्याच्या हाताचा. चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचलं की टचडाउन, सहा गुण.

बाकीचे संघ चेंडू पोटाशी धरून धडका मारत पुढे सरकत. कूली चार-चार रिसीव्हर एकाच बाजूला उभे करत आणि दोन चालींमध्ये घोळका करून मसलत करायला वेळच देत नसत. क्वार्टरबॅक विली टॉटन फेकायचा, जेरी धरायचा. १९८३ मध्ये जेरीने १०२ झेल घेतले, त्यातले २४ सदर्न विद्यापीठाविरुद्धच्या एकाच सामन्यात. १९८४ मध्ये २७ टचडाउन. त्या वर्षी हा संघ सामन्यामागे साठच्या आसपास गुण कुटत होता. कॉलेजात त्याला ‘वर्ल्ड’ म्हणायचे, कारण त्याला झेलता येणार नाही असा चेंडू जगात नाही.

[दृश्य: रात्र. हॉटेलची खोली, चालू टीव्ही.]

ऑक्टोबर १९८४. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श सामन्यासाठी ह्यूस्टनला आले होते. आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर कॉलेज सामन्यांची क्षणचित्रं लागली होती. त्यात हा पोरगा दिसला, आणि वॉल्श यांनी त्याला मनात पक्का केला.

पण मिळवायचा कसा? एनएफएलमध्ये नवे खेळाडू आयपीएलसारख्या बोलीने घेत नाहीत. तिथे पाळी असते, तिलाच ड्राफ्ट म्हणतात. गेल्या मोसमातला सर्वांत दुबळा संघ पहिला, विजेता शेवटचा. जानेवारी १९८५ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकलेल्या फोर्टीनाइनर्सची पाळी होती अठ्ठाविसावी, सगळ्यांच्या मागे.

शिवाय बाकीच्यांच्या मनात शंका होत्या. छोटं कॉलेज, दुबळे प्रतिस्पर्धी, आणि घड्याळ लावून घेतलेल्या ४० यार्डांच्या धावेत मंद ठरलेले पाय. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी दोन रिसीव्हर गेले: दहाव्या क्रमांकावर अल टून, तेराव्यावर एडी ब्राउन. मग वॉल्श यांनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी सौदा केला, आपल्या पहिल्या तीन फेऱ्यांच्या पाळ्या देऊन सोळावी पाळी पदरात पाडून घेतली आणि नाव पुकारलं, जेरी राइस.

वॉल्श यांना एक गोष्ट उमगली होती, जी स्टॉपवॉचवर उमटत नाही. सरळ रेषेत कोण किती जोरात पळतो, हे मोजता येतं. पण पूर्ण वेगात असताना वळायचं आणि वळताना वेग गमवायचा नाही, चेंडू हातात आल्यावर मागच्याच्या हाती लागायचं नाही, हे खेळतानाच दिसतं.

[दृश्य: पुन्हा कँडलस्टिक पार्क.]

आणि मग तो मोसम. चेंडू का सुटत होते?

वॉल्श यांचा खेळ अवघड होता. शेकडो चाली, प्रत्येकीत पावलांचा हिशेब, आणि समोरचा बचाव पाहून ऐनवेळी वाट बदलायची. इट्टा बेनात जो मुलगा पळायचा आणि धरायचा, तो आता पळताना आठवत होता. इथे वळायचं की पुढे? पाचवं पाऊल की सातवं? चेंडू यायच्या क्षणी डोकं दुसरीकडे असायचं. हात तेच होते, परांचीवरचे. त्यांच्यामागचं लक्ष फाटलेलं होतं.

९ डिसेंबर १९८५, सोमवारची रात्र. लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्धचा सामना देशभर टीव्हीवर दिसत होता. त्या रात्री जेरीने १० झेल घेतले, त्यांवर चेंडू एकूण २४१ यार्ड पुढे नेला. चाली आता पायांत उतरल्या होत्या, डोक्याला फक्त चेंडू बघायचा होता. फोर्टीनाइनर्स तो सामना २७-२० असा हरले. तरी त्या रात्रीनंतर कँडलस्टिकवर त्याची हुर्यो उडवायला तोंड उघडणं अवघड होतं. मोसमाअखेर त्याच्या नावावर ४९ झेल आणि ९२७ यार्ड होते.

सरावाची त्याची एक रीत होती, आणि मला या सगळ्या कहाणीत तीच सर्वांत मोलाची वाटते. सरावात साधा पाच यार्डांचा चेंडू झेलला तरी तो थांबायचा नाही. थेट टचडाउनच्या पट्ट्यापर्यंत पळत जायचा, प्रत्येक वेळी. मोसम संपला की सहकारी रॉजर क्रेगबरोबर सॅन कार्लोसच्या टेकडीवर चढणीची धाव, अडीच मैलांची.

१९८६ मध्ये ८६ झेल, १,५७० यार्ड, १५ टचडाउन. यार्ड आणि झेलून केलेले टचडाउन या दोन्हींत तो लीगमध्ये पहिला.

[दृश्य: जायंट्स स्टेडियम, न्यू जर्सी. जानेवारीचं राखाडी आकाश.]

४ जानेवारी १९८७. बाद फेरी, समोर न्यूयॉर्क जायंट्स, गुणफलक अजून कोरा. क्वार्टरबॅक जो मोंटानाचा चेंडू जेरीने धरला आणि तो सुसाट पळत सुटला. पुढे कुणीही नाही, फक्त हिरवळ. आणि कुणी हात लावलेला नसताना चेंडू त्याच्या हातून निसटला, गडगडत पट्ट्यात गेला आणि जायंट्सने उचलला. सामना ४९-३ असा गेला. एका चेंडूने सेहेचाळीस गुणांचा फरक पडत नसतो, हे खरं. पण ज्याच्या हातून तो सुटला, त्याची समजूत असल्या हिशेबाने निघत नाही.

पुढच्याच मोसमात खेळाडूंचा संप झाला, जेरीच्या वाट्याला बाराच सामने आले. त्या बारांत त्याने २२ टचडाउन झेलले. हा विक्रम मोडायला २००७ साल उजाडावं लागलं. रँडी मॉसने २३ केले, सोळा सामन्यांत.

[दृश्य: मायामी, २२ जानेवारी १९८९. सुपर बोल.]

समोर सिनसिनाटी बेंगल्स, आणि त्यांच्या संघात एडी ब्राउन, चार वर्षांपूर्वी ड्राफ्टमध्ये जेरीच्या आधी निवडला गेलेला. तीन मिनिटं आणि थोडे सेकंद उरलेले, फोर्टीनाइनर्स तीन गुणांनी मागे, ९२ यार्ड कापायचे. अर्ध्या वाटेवर गाडी अडली, चेंडू आपल्याकडे राखायला उरलेल्या तीन प्रयत्नांत २० यार्ड हवे होते. मोंटानाने मधोमध फेकला. जेरीने रक्षकांच्या गराड्यात धरला आणि तसाच पुढे पळाला. २७ यार्ड. शेवटचा टचडाउन जॉन टेलरने झेलला, सामना २०-१६ असा जिंकला.

त्या संध्याकाळी जेरी राइसचे ११ झेल, २१५ यार्ड. सामनावीराचा मान त्यालाच मिळाला. वय २६. अजून सोळा मोसम खेळायचे होते.