मला बंदूक नको, ठाण्यात तक्रार लिहून घ्या

नागपुरात रात्री कुठे खून पडला की सकाळी टपरीवर एक वाक्य ऐकू येतंच येतं. "भाऊ, आता प्रत्येकाले घरी एक बंदूक ठेवू द्या, अमेरिकेत कसं देतात, मंग पाहा कोणाची हिंमत होते ते." हे बोलणारा माणूस काही गुंड नसतो. साधा दुकानदार असतो, रात्री अकराला शटर ओढून गल्ल्यातले पैसे पिशवीत टाकून स्कूटरने घरी जाणारा, त्याला खरंच भीती वाटते आणि त्याची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण त्याचा उपाय मला पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला आधी अमेरिकेत जायची गरजच नाही, आपल्या जिल्हा कोर्टापासूनच सुरू करू.

१३ ऑगस्ट २००४. पोलिसांनी अक्कू यादव या गुंडाला कोर्टात आणलं होतं, आणि तिथे कोर्टरूममध्येच कस्तुरबा नगरच्या बायकांच्या जमावाने त्याला मारून टाकलं. हातात काय होतं, तर मिरचीपूड आणि घरातले चाकू. दहाएक वर्षं त्या वस्तीवर त्याचा धाक होता, खंडणी, मारहाण, बलात्कार, खून, सगळं. आणि ठाण्यात तक्रार करायला गेलेल्या बाईचं नाव तिच्या आधी त्याच्यापर्यंत पोचायचं, हे त्या बायकांनी पुढे कितीदा तरी सांगितलं. त्याच्या खुनाची केस दहा वर्षं चालली, २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले.

आता बंदूकवाले म्हणतात, पाहा, त्या बायकांजवळ बंदूक असती तर एवढी वर्षं सोसावंच लागलं नसतं. मी यावर खूप विचार केला. ज्या ठाण्यात त्या बाईची साधी तक्रार कोणी लिहून घेत नव्हतं, तेच ठाणं तिच्या परवान्याच्या अर्जावर अनुकूल शेरा मारणार होतं का? आणि समजा मिळालाही परवाना, तर दहा बाय दहाच्या खोलीत ती बंदूक ठेवणार कुठे, धान्याच्या कोठीत? ज्याच्या दहशतीत अख्खी वस्ती होती त्याला ती हिसकावून न्यायला किती वेळ लागला असता? वस्तीत पहिली बंदूक बाईच्या हातात येत नसते बापा, ज्याची ओळख आहे, ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्या हातात येते. त्या दिवशी जे झालं त्याचं मी कौतुक करत नाही, पण त्या बायकांना नावंही ठेवववत नाहीत मला, कारण त्यांना बंदुकीची नाही, एका प्रामाणिक ठाणेदाराची गरज होती आणि तो त्यांना दहा वर्षांत मिळाला नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो ते पटकन सांगते. बंदूक हा आपला हक्क नाही, सरकारने दिलेला परवाना आहे. शस्त्र कायदा १९५९ चा, वय कमीत कमी २१ पाहिजे, शहरात पोलीस आयुक्तांकडे अर्ज करायचा, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग ठाण्यातून चौकशी होते. २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, एका माणसाला आधी तीन शस्त्रं ठेवता यायची ती दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच केली, आणि लग्नात वरातीत हवेत गोळ्या उडवून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे शेवटचं खूप लोकांना माहीतच नाही.

आणि असंही नाही की आपल्या लोकांनी हक्काचा विचारच केला नव्हता. इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा आणला, हिंदी माणसाला परवाना लागायचा आणि गोऱ्याला सूट, तो राग मनात होता, म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये शस्त्र बाळगायच्या हक्काचा ठराव झाला, नियमांच्या चौकटीत. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हाच हक्क मूलभूत हक्कांमध्ये टाका म्हणून एच. व्ही. कामत उभे राहिले, आणि हे कामत आपल्याच मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून गेलेले, ज्याची राजधानी नागपूर होती. बाबासाहेबांनी विरोध केला. असा हक्क सरसकट लिहून ठेवला तर गुन्हेगारही तोच हक्क मागेल, त्याला नाही कसं म्हणणार, असा त्यांचा सवाल होता. सूचना पडली. आणि आपल्या हातात राहिलं ते कलम १९, शांततेने आणि शस्त्राशिवाय एकत्र जमायचा हक्क.

हा हक्क कसा दिसतो हे पाहायचं असेल तर डिसेंबरात नागपुरातल्या मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला या. हिवाळी अधिवेशन सुरू असतं, विधानभवनाकडे निघालेले मोर्चे पोलीस इथे अडवतात. अंगणवाडीच्या ताया, कंत्राटी कामगार, शिक्षक, पेन्शनवाले म्हातारे, डब्यात भाकरी आणि ठेचा, गळ्यात पट्टा, हातात झेंड्याची काडी, बॅरिकेडच्या पलीकडे हजारो पोलीस आणि अलीकडे एकाजवळही काही नाही, आणि तरी मंत्र्याला निवेदन घ्यायला यावंच लागतं. माझ्यासाठी नागरिकाची ताकद ही आहे.

इथे कोणी मला गोवारींची आठवण करून देईल, आणि द्यायलाच पाहिजे. २३ नोव्हेंबर १९९४, इथेच, आरक्षण मागायला आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चावर लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. बिनशस्त्र होते, तरी वाचले नाहीत. खरं आहे हे, आणि झिरो माइलजवळच्या त्या स्मारकासमोर उभं राहिलं की माझ्याकडे याचं सोपं उत्तर नसतं. पण त्या गर्दीत दहा-वीस बंदुका असत्या आणि एक जरी चालली असती, तर समोरून लाठी आली नसती, गोळी आली असती. मेले असते तेच, फक्त जास्त संख्येने. त्या दिवशी हुकलं ते राज्यकर्त्यांचं काम होतं, हजारो लोक तासन् तास रस्त्यावर बसले असताना कोणी जबाबदार माणूस वेळेत पुढे आला नाही. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी नंतर राजीनामा दिला. आजकाल तेवढंही होत नाही.

गावाकडची बंदूक वेगळी, ते पण सांगते, नाहीतर शेतकरी भाऊ म्हणतील हिला काय माहीत. रानडुकरं एका रात्रीत चन्याचं अख्खं वावर उलथून टाकतात, आणि पिकाच्या राखणीसाठी भरमार बंदुकीला, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या जुन्या बंदुकीला, कायद्यात जागा आहे. उमरेडच्या बाजूला एका आजोबांनी मला त्यांची दाखवली, बारदान्यात गुंडाळलेली, नळीला तेल लावलेलं, गज वेगळा बांधलेला, आणि दर निवडणुकीला पोलीस सांगतात म्हणून ठाण्यात जमा केली की मिळालेल्या पावत्या सगळ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत नीट घड्या करून ठेवलेल्या. म्हणाले, "बाई, हे वाजवाची वस्तू हाय, माराची नाही." माझा या आजोबांशी काही वाद नाही. त्यांचं काम, त्यांची गरज आणि सरकारजवळची नोंद, तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत.

आता अमेरिका, कारण उदाहरण तिचंच देतात सगळे. प्रताप नगरमधल्या एका आजींची नात टेक्सासमध्ये दुसरीत आहे. व्हिडिओ कॉलवर तिने सांगितलं, आजी, आज आम्ही लाइट बंद करून सगळे कोपऱ्यात बसलो होतो, टीचर म्हणाल्या एकदम चूप बसायचं. आजींना वाटलं लपाछपी. शाळेत कोणी बंदूक घेऊन घुसला तर लपायचं कसं त्याचा तो सराव होता, हे मुलाने समजावून सांगितलं तेव्हा त्यांना जेवण गेलं नाही त्या दिवशी. त्याच टेक्सासमध्ये उवाल्डे नावाच्या गावात २४ मे २०२२ ला १८ वर्षांच्या पोराने शाळेत घुसून १९ लेकरं आणि २ शिक्षिका मारल्या, रायफल त्याने रीतसर विकत घेतली होती. आणि पोलीस किती जमले होते माहिती आहे? जवळपास पावणेचारशे, सगळ्यांकडे बंदुका, आणि व्हरांड्यात थांबून वर्गात शिरायला तासाभराहून जास्त वेळ लावला. म्हणजे चांगल्या माणसाच्या हातात बंदूक असली की वाईट माणूस थांबतो, हे जे सांगतात ना, त्यांनी उवाल्डेचा तो व्हरांडा आठवावा.

अमेरिकेत ३४ कोटींच्या आसपास माणसं आणि लोकांच्या घरातल्या बंदुका अंदाजे ३९ कोटी. बंदुकीचा हक्क १७९१ पासून घटनेत. आणि तिथे बंदुकीने जे मरतात त्यातले निम्म्याहून जास्त स्वतःचाच जीव घेतलेले असतात. हे वाक्य विदर्भात जरा थांबून ऐका. कर्जात बुडालेल्या, नापिकीने खचलेल्या माणसांची घरं आपण पाहिली आहेत, त्या घरांमध्ये वाईट रात्र निघून जाते तेव्हा कोणीतरी वेळेवर जागं झालेलं असतं, शेजाऱ्याने दवाखान्यात नेलेलं असतं. घरात बंदूक असली की ही मधली वेळच उरत नाही. माझा सगळ्यात मोठा विरोध इथून येतो, चोर-गुंड नंतर.

नेता ठरवतो तेव्हा काय होतं ते पण आहे. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मेली, पंतप्रधान जॉन हॉवर्ड उजव्या विचाराचे, त्यांचेच मतदार बंदूकवाले, तरी त्यांनी काही दिवसांतच सगळ्या राज्यांना कडक कायद्यावर एकत्र आणलं आणि सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. न्यूझीलंडमध्ये २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये ५१ जण मेल्यावर जसिंडा आर्डर्न यांनी आठवड्याच्या आत बंदी जाहीर केली, आणि संसदेत विरोधात मत पडलं फक्त एक. डावं-उजवं यात नाही, मत जाईल याची भीती बाजूला ठेवता येते की नाही एवढंच आहे.

आपल्याकडे नेत्यांचं बंदुकीशी नातं कसं आहे ते २०२४ सालानेच दाखवून दिलं. फेब्रुवारीत उल्हासनगरला सत्ताधारी पक्षाचे आमदार गणपत गायकवाड यांना पोलीस ठाण्याच्या आत, अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये गोळीबार केल्याच्या आरोपावरून अटक झाली. सहा दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुक लाइव्ह सुरू असताना गोळ्या घातल्या, पिस्तूल निघालं मारणाऱ्याच्या बॉडीगार्डच्या परवान्याचं. ऑक्टोबरात माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांना वांद्र्यात गोळ्या घातल्या, पोलीस संरक्षण असताना. डिसेंबरात बीडला सरपंच संतोष देशमुख यांचा खून, तो बंदुकीने झाला नव्हता, पण त्यानंतर राज्याला कळलं की त्या एका जिल्ह्यात हजारावर शस्त्र परवाने आहेत, कमरेला पिस्तूल लावून फिरणारे, हवेत बार काढून रील टाकणारे, आणि मग प्रशासनाने परवाने रद्द करायला घेतले. खून व्हायच्या आधी का नाही घेतले? हे परवाने कोणाच्या शिफारशीवर निघाले होते? गरज म्हणून की गाडीत पुढच्या सीटवर बसायचा मान म्हणून?

गृहखातं नागपूरसाठी लांबची गोष्ट नाही. देवेंद्र फडणवीस यांच्याकडे मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री असताना हे खातं कित्येक वर्षं राहिलं आहे, मधल्या काळात अनिल देशमुख होते, ते पण आपल्याच जिल्ह्यातले, काटोलचे. दोन्ही बाजूंच्या लोकांना माझं म्हणणं सारखंच आहे. १७ मार्च २०२५ च्या रात्री नागपुरात दंगल झाली, महाल, हंसापुरीत दगड आले, गाड्या जळल्या, संचारबंदी लागली, लोक गच्चीवरून पाहत होते आणि लेकरांना आतल्या खोलीत झोपवत होते. त्या रात्री त्या गच्च्यांवर घरटी एक बंदूक असती तर? मी तिथे राहणाऱ्या दोन्ही समाजांच्या लोकांना हे विचारलं, एकानेही असती तर बरं झालं असतं म्हटलं नाही.

बरं, बेकायदा कट्टे तर आहेतच, शेजारच्या राज्यांतून येतात, गुन्ह्यांमध्ये बहुतेक वेळा तेच सापडतात, म्हणून मग लोक म्हणतात की कायदा फक्त सरळ माणसालाच अडवतो. तर कट्टा आणणाऱ्याची साखळी तोडा ना, पकडलेल्या पोराच्या मागे उभा असलेला माणूस शोधा, तो प्रत्येक वेळी कसा सुटतो ते पाहा. बाईने ठाण्यात पाय ठेवला की तिची तक्रार लिहून घ्या, तिला आधी बाहेर बाकावर तीन तास बसवू नका. ११२ ला फोन केला तर गाडी वेळेत येऊ द्या.

आणि येत्या हिवाळी अधिवेशनासाठी एक साधी मागणी. प्रत्येक आमदाराने आपल्या जिल्ह्याची माहिती सभागृहात मागून घ्यावी, एकूण परवाने किती, त्यातले गुन्हे दाखल असलेल्यांकडे किती, राजकीय पदाधिकाऱ्यांकडे किती, निवडणुकीत जमा करायला सांगूनही न केलेली शस्त्रं किती, आणि ती माहिती मराठीत, जिल्हावार, सगळ्यांना वाचता येईल अशी पटलावर ठेवायला लावावी. सुरुवात नागपूर जिल्ह्यापासून करा, आणि त्यात आपल्या स्वतःच्या परवान्याचा नंबरही लिहा.