विश्वास वेदना बदलतो, विष नाही

२०११ साली अमेरिकेत दम्याच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. आजच्या विषयाला मी तिथूनच हात घालतो, कारण विश्वासाची ताकद आणि विश्वासाची हद्द या दोन्ही गोष्टी त्या एका प्रयोगात शेजारीशेजारी दिसतात. ३९ रुग्णांनी तो पूर्ण केला. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी चार प्रकार आलटून पालटून मिळाले: श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाचा खरा पंप, औषध नसलेला पण दिसायला तसाच पंप, सुया टोचल्याचा नुसता भास देणारं खोटं ॲक्युपंक्चर, आणि चौथ्या प्रकारात काहीच नाही, नुसतं बसून राहायचं. दर वेळी दोन गोष्टी मोजल्या. यंत्रात जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, ही एक. रुग्णाला स्वतःला किती बरं वाटतंय, ही दुसरी.

फुंकण्याच्या मोजणीत खऱ्या पंपानं सुमारे २० टक्के सुधारणा दाखवली, उरलेल्या तिन्ही प्रकारांत सुमारे ७ टक्के. म्हणजे फुप्फुसाच्या लेखी खोटा पंप आणि नुसतं बसणं सारखंच. रुग्णांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. खऱ्या पंपानं ५० टक्के बरं वाटलं, खोट्या पंपानं ४५, खोट्या ॲक्युपंक्चरनं ४६ आणि नुसतं बसून २१.

हे रुग्ण खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच मोकळं वाटत होतं, आणि त्यांच्या श्वासनलिका खरोखरच आकसलेल्या होत्या. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. आपल्याकडे श्रद्धेवरचे वाद वर्षानुवर्षं अडकतात ते नेमके इथेच. एक बाजू म्हणते, ‘मला अनुभव आला, मग ते खरंच आहे.’ दुसरी म्हणते, ‘शरीरात काही बदललं नाही, म्हणजे तुझा अनुभव खोटा.’ माझ्या मते दोघंही घाई करतात. अनुभव खरा असतो. तो कशाचा पुरावा आहे, हा प्रश्न वेगळा आणि तो वेगळाच विचारावा लागतो.

आधी ताकदीकडे पाहू. वेदना ही जखमेतून मेंदूकडे जाणारी एकेरी वाहतूक नाही. मेंदूकडून मज्जारज्जूकडे खाली उतरणारे मार्गही आहेत, आणि वरून आलेला निरोप खालचा संदेश दाबू किंवा वाढवू शकतो. १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर याची महत्त्वाची तपासणी झाली. वेदनाशामक म्हणून दिलेल्या, पण औषध नसलेल्या इंजेक्शननं काहींचं दुखणं कमी झालं. मग त्यांना नॅलॉक्सोन दिलं. हे औषध मॉर्फिनसारख्या द्रव्यांचा परिणाम अडवतं. आराम पडलेल्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. नुसत्या अपेक्षेनं शरीर स्वतःची अफूसदृश द्रव्यं सोडतं, असा त्याचा अर्थ. ‘सगळं मनाचे खेळ’ म्हणून ज्याची बोळवण होते, त्यामागे असं मोजता येणारं रसायन आहे.

२०११ सालचाच आणखी एक प्रयोग. २२ निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला चटका बसेल इतकी उष्णता दिली आणि शिरेतून रेमिफेंटानिल नावाचं जोरदार वेदनाशामक सुरू केलं. आधी ते सुरू झाल्याचं त्यांना सांगितलंच नाही. थोडा आराम पडला. मग ‘आता औषध सुरू करतोय’ असं सांगितलं, तर आराम जवळजवळ दुप्पट झाला. शेवटी ‘औषध बंद केलंय, आता दुखणं वाढू शकेल’ असं सांगितलं, आणि आराम जवळपास नाहीसा झाला. या सगळ्या वेळात औषधाची मात्रा तीच होती. डॉक्टर किंवा परिचारिका सलाइनमध्ये काही सोडत असतील, तर ते काय आहे आणि कशासाठी आहे हे रुग्णाला ऐकू जाईल असं सांगणं हा उपचाराचाच भाग आहे, तो याच कारणासाठी.

याची उलटी बाजू जास्त दुर्लक्षित आहे. अपाय होईल या अपेक्षेनं होणाऱ्या त्रासाला नोसीबो म्हणतात. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्यांनी अंग दुखतं, ही तक्रार घरोघरी आहे. असाच त्रास झाल्यामुळे गोळ्या सोडलेल्या ६० जणांचा इंग्लंडमधला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला १२ महिन्यांसाठी १२ बाटल्या दिल्या: चारांत ॲटॉर्वास्टॅटिन २० मिलिग्रॅम, चारांत औषधविरहित गोळ्या, चार रिकाम्या. त्रासाची नोंद रोज ० ते १०० मध्ये करायची. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, औषधविरहित गोळ्यांच्या महिन्यांत १५.४, खऱ्या गोळ्यांच्या महिन्यांत १६.३. म्हणजे गोळी घेतल्यावर वाढलेल्या त्रासातला सुमारे ९० टक्के भाग औषधविरहित गोळीनंही होत होता. स्वतःचे आकडे पाहिल्यावर निम्म्या लोकांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. ‘तुम्हाला उगाच वाटतंय’ असं त्यांना कुणी सुनावलं नाही. त्यांचंच वर्ष त्यांच्यापुढे मांडलं, आणि मत बदलायला ते पुरेसं ठरलं. मोकळं मन असावं तर असं.

आता मोकळेपणाविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण हा शब्द ‘जे सांगितलं ते मानून टाका’ या अर्थानं फार वापरला जातो. २०१० साली हार्वर्डच्या संशोधकांनी आतड्याच्या त्रासाच्या, म्हणजे आयबीएसच्या, ८० रुग्णांवर केलेला प्रयोग यासाठी मला फार मोलाचा वाटतो. एका गटाला उघडपणे सांगून औषधविरहित गोळ्या दिल्या: यात औषध नाही, रोज दोनदा घ्या. सोबत चार गोष्टी समजावल्या. अशा गोळ्यांचाही परिणाम बराच असू शकतो. शरीर सवयीनं, आपोआप प्रतिसाद देतं. मन अनुकूल असेल तर मदत होते, पण विश्वास ठेवलाच पाहिजे अशी अट नाही. आणि गोळ्या न चुकता घेणं मात्र गरजेचं आहे. तीन आठवड्यांनी या गटातल्या ५९ टक्के लोकांना पुरेसा आराम पडला होता. डॉक्टरांशी तेवढंच बोलणं झालेल्या, पण गोळ्या नसलेल्या गटात ३५ टक्के लोकांना. गट लहान होते, मोजमाप रुग्णांच्या सांगण्यावर होतं, हे धरूनच निष्कर्ष काढायचा. पण तिसरी गोष्ट पाहा. श्रद्धेची सक्ती नव्हती, फसवणूक नव्हती. ‘होईलही, करून पाहू’ एवढी तयारी होती आणि नेम पाळला होता.

धार्मिक अनुभवाकडे वळू. ऑक्सफर्डमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ श्रद्धाळू कॅथलिक आणि १२ नास्तिक किंवा अज्ञेयवादी होते. हाताला विजेचे बोचरे झटके देताना त्यांना दोन चित्रं दाखवली: एक मेरी मातेचं, दुसरं लिओनार्दोनं काढलेलं एका तरुणीचं. मेरीचं चित्र पाहताना कॅथलिकांना झटका कमी बोचरा वाटला. नास्तिकांना दोन्ही चित्रं सारखीच. कॅथलिकांच्या मेंदूत त्या वेळी पुढच्या उजव्या भागातली जी जागा जास्त सक्रिय दिसली, ती प्रसंगाचा अर्थ नव्यानं लावून त्रास आवरण्याशी संबंधित आहे. उपवास, अनवाणी चाल, वारीतले पायाचे फोड याच वाटेनं सुसह्य होत असतील, असं मला वाटतं. मात्र फोड तरीही धुवावा लागतो, आणि मधुमेह असेल तर पावलं रोज संध्याकाळी तपासावीच लागतात. दुखत नाही म्हणजे जखम नाही, असं नसतं.

दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थनाही तपासली गेली आहे. २००६ साली अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या १८०२ बायपास रुग्णांचे निकाल आले. प्रार्थना होतेय की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के लोकांना गुंतागुंत झाली, न झालेल्या गटात ५१ टक्के. ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के. ही प्रार्थना अनोळखी लोकांची होती. घरच्यांनी उशाशी बसून हात धरणं या प्रयोगात मोजलंच नव्हतं, त्यामुळे त्याविरुद्ध हा पुरावा वापरू नये.

श्रद्धा अनुभवाला आकार कसा देते, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण झोपेत सापडतं. पहाटे जाग येते, डोळे उघडतात, हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, खोलीत कुणीतरी उभं असल्याची खात्री होते. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायू सैल करून ठेवतो, म्हणजे स्वप्नातली धावपळ आपण अंथरुणात करत नाही. जाग आधी आली आणि स्नायूंवरचं बंधन नंतर सुटलं, की मधल्या काही सेकंदांत किंवा एकदोन मिनिटांत हे घडतं. इथपर्यंत शरीराचा भाग जगभर सारखा. पुढचं मात्र आपल्या समजुतीवर. आपल्याकडे ते भूत होतं, इजिप्तमध्ये अनेकांसाठी जिन्न. डेन्मार्क आणि इजिप्त यांची तुलना २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत इजिप्तमधल्या लोकांना जखडलेपण जास्त वेळ जाणवत होतं आणि आता मरणार ही भीती जास्त होती. याचं चक्र तयार होतं: भीतीमुळे झोप तुटते, तुटलेल्या झोपेमुळे प्रसंग वाढतात, आणि वाढलेले प्रसंग समजूत पक्की करतात. ते मोडायचं तर झोपेची वेळ सांभाळा, उताणं झोपणं टाळून कुशीवर झोपा. प्रसंग आलाच तर सगळं अंग झटकण्याची धडपड न करता श्वासाकडे लक्ष द्या आणि एकच बोट हलवायचा प्रयत्न करा. त्या वेळी कुणी रामनाम घेत असेल तर जरूर घ्यावं, मन स्थिर व्हायला ते उपयोगीच आहे. वारंवार होत असेल किंवा दिवसाही अनावर झोप येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

मग स्वतःच्या श्रद्धेची किंवा शंकेची तपासणी घरी कशी करायची? जप, प्राणायाम, एखादं तेल, अंगारा, काहीही असो. दीर्घकाळ चालणारं आणि कमीजास्त होणारं दुखणं निवडा, गुडघेदुखी किंवा डोकेदुखी. आधी दोन आठवडे काहीही न बदलता रोज ठरावीक वेळी ० ते १० असा आकडा वहीत लिहा. मग दोन आठवडे उपाय, दोन आठवडे बंद, पुन्हा दोन आठवडे उपाय, दोन आठवडे बंद. मागची पानं उलटून पाहायची नाहीत. सोबत शरीराचं एक मोजमाप ठेवा, उदाहरणार्थ न थांबता किती पायऱ्या चढलात. वाटण्याचा आकडा सुधारला आणि पायऱ्या तेवढ्याच राहिल्या, तर काय बदललं ते समोर येईल.

हे बिघडतं ते ठरावीक जागी. दुखणं शिगेला पोचल्यावर माणूस उपाय सुरू करतो, आणि शिगेला पोचलेलं दुखणं बहुधा उतरतंच. श्रेय उपायाला जातं. म्हणून सुरुवातीचे दोन कोरे आठवडे टाळू नका. दोन उपाय एकदम सुरू केले की वही निरुपयोगी. वाईट दिवशी नोंद करायचा कंटाळा येतो आणि चांगलेच दिवस लिहिले जातात. नवसाच्या बाबतीतही फळलेले लक्षात राहतात, न फळलेले मोजले जात नाहीत. आणि एक सक्त सूचना: इन्शुलिन, फिट्सच्या, रक्तदाबाच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांवर असा प्रयोग करायचा नाही. रक्तदाब वाढलेला बहुधा जाणवतच नाही, त्यामुळे ‘मला बरं वाटतंय’ या वाक्याला तिथे किंमत नाही.

शेवटी हद्दीबद्दल, आणि त्यासाठी आपल्याच गावांतलं उदाहरण घेऊ. सर्पदंशावर मांत्रिकाचा उतारा लागू पडतो, असं अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पाहिलेलं खोटं नाही. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. हे सगळे रुग्ण मंत्राविनाही वाचले असते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी एखाद्यानं विष सोडलं असेल, तर मांत्रिकाकडे घालवलेला तास जिवावर बेततो. मण्यार विशेष फसवी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते, दंशाची जागा फारशी दुखत नाही, सूजही येत नाही. ‘काही झालेलं नाही’ हा अनुभव इथे अगदी खरा असतो, आणि काही तासांत पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास बंद पडू लागतो. महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यानं साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला आहे, तो उगाच नाही.

अशा वेळी रुग्णाला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळी लावून स्थिर ठेवा, अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा, कापू नका, चोखू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, असलेल्या रुग्णालयात न्या. विषबाधेची लक्षणं असतील, तर सुरुवातीलाच त्याच्या ८ ते १० कुप्या लागतात, म्हणून निघतानाच फोन करून साठा आहे का ते विचारा. साप मारण्यात किंवा शोधण्यात वेळ घालवू नका. घरच्यांना देवाचं नाव घ्यायचं असेल तर गाडीत बसून घ्यावं. रुग्णाची घाबरगुंडी त्यानं कमी होते आणि तेही हवंच असतं. दंशाची वेळ डॉक्टरांना सांगा, झाडपाला पोटात दिला असेल तर तोही सांगा. कुणी आधीच घट्ट दोरी बांधली असेल, तर ती वाटेत एकदम सोडू नका, रुग्णालयात डॉक्टरांसमोरच सोडू द्या.