हवा गेली की ब्रेक लागतो

रात्री सोलापूरहून मुंबईला निघणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस उजाडण्यापूर्वी भोर घाट उतरते. त्या घाटात लोहमार्ग काही ठिकाणी दर ३७ मीटरला एक मीटर खाली जातो. शेकडो टनांची गाडी तिथे आवरून धरण्याची तयारी मात्र इथे, सोलापूरच्या फलाटावरूनच सुरू होते.

दोन डब्यांच्या मध्ये वाकून पाहिले, तर एकमेकींत अडकवलेल्या रबरी होसपाइपांच्या दोन जोड्या दिसतात. एक ब्रेक पाइपची आणि दुसरी फीड पाइपची. इंजिनातल्या कॉम्प्रेसरच्या हवेने पहिल्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो आणि दुसरीत ६ किलो दाब राखला जातो. हवेच्या दाबाने ब्रेक लागतो, असा आपला समज असतो आणि तो अर्धाच खरा आहे. चाकाला आवळण्याचे बळ हवेचेच असते. पण आवळण्याचा हुकूम मिळतो तो ब्रेक पाइपातली हवा कमी झाल्यावर.

प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी असते आणि तिच्याजवळ डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह असतो. लोको पायलटने ब्रेक पाइपातली थोडी हवा बाहेर सोडली, की हा व्हॉल्व्ह दाबातली घट ओळखतो आणि त्या प्रमाणात टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये जाऊ देतो. पूर्ण ब्रेक लागतो तेव्हा सिलिंडरमधला दाब ३.८ किलोपर्यंत पोहोचतो. नळी पुन्हा भरली, की सिलिंडरमधली हवा बाहेर पडते आणि चाके मोकळी होतात. फलाटावर ऐकू येणारा तो ‘फुस्स’ आवाज बहुतेक वेळा गळतीचा नसतो, याच देवघेवीचा असतो.

ही उलटी वाटणारी रचना अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांची. १८६९ सालच्या त्यांच्या पहिल्या ब्रेकमध्ये इंजिनातून नळीत हवा भरली की ब्रेक लागे. अर्थात नळी तुटली, तर साऱ्या गाडीचा हा ब्रेकच नाहीसा होई. १८७२ साली त्यांनी हा क्रम फिरवला. आता गाडी दुभंगली, तर नळी सुटते, दाब ओसरतो आणि दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. आयर्लंडमधील आर्मा येथे १८८९ साली चढावर सोडवून ठेवलेले डबे असा स्वयंचलित ब्रेक नसल्याने मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळून ८० जण दगावले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला.

तरीही या यंत्रणेत एक कच्चा दुवा राहतोच. डब्याच्या टोकाला नळीवर अँगल कॉक नावाची तोटी असते. ती मधेच कुठे चुकून बंद राहिली, तर पुढे कितीही हवा सोडली, तरी मागच्या डब्यांपर्यंत हुकूम पोहोचत नाही. म्हणून गाडी सुटण्यापूर्वी शेवटच्या डब्यातून दाब उतरवून इंजिनातल्या मापकाचा काटा खाली येतो का, हे पाहिले जाते. चाचणी साधी आहे, पण सगळी भिस्त तिच्यावर असते.

लांब घाटात पुन्हा पुन्हा ब्रेक लावताना डब्यांच्या टाक्या रित्या होऊ नयेत, यासाठी फीड पाइप उपयोगी पडतो. ब्रेक लागलेला असतानाही तो टाक्या भरत राहतो. एवढे करूनही गाडी हाताबाहेर गेलीच, तर तिला वळवून घेण्यासाठी भोर घाटात चढावर जाणारे आडमार्ग, म्हणजे कॅच सायडिंग, ठेवलेले आहेत.

धावत्या गाडीसाठी हे पुरेसे असले, तरी उभ्या गाडीचे गणित वेगळे असते, कारण साठवलेली हवा कालांतराने झिरपून जाते. कॅनडातील लाक-मेगाँतिक येथे ६ जुलै २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर नेमके हेच घडले. उतारावर उभ्या केलेल्या तेलगाडीचे इंजिन बंद झाल्यावर त्याच्या ब्रेकमधली हवा हळूहळू गेली, हाताने आवळलेले ब्रेक अपुरे पडले आणि गावात घुसलेल्या गाडीने ४७ जणांचा बळी घेतला. यार्डात बराच वेळ उभ्या ठेवायच्या डब्यांचे हँडब्रेक आवळून वर चाकांखाली लाकडी पाचरी ठोकतात, त्या यासाठीच.