आजी, तू कोणाशी बोलतेस?

(अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचं संकेतस्थळासाठी संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

समितीने मला निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागून घेतला. पैशांबद्दल आपण जेवणाच्या रांगेतसुद्धा बोलतो. पण पंचाहत्तरीनंतर आपण राहणार कुठे आणि कोणाच्या सोबतीने, यावर या मंडळात एखादा कार्यक्रम झालेला मला तरी आठवत नाही.

समोर बसलेल्यांतले बरेच जण १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्याने अमेरिकेचं दार उघडल्यावर आलेले. खिशात आठ डॉलर, कोणाच्या तरी बेसमेंटमधला पहिला गणपती, शाळेच्या कॅफेटेरियातल्या तालमी, कडेकडेनेसुद्धा लिहून भरलेलं निळं एरोग्राम. त्या सगळ्या काळात आपले आईवडील तिकडे म्हातारे होत होते, आणि ते म्हातारपण आपल्यातल्या बहुतेकांनी सुट्टीपुरतं पाहिलं. त्यांची रात्रीची जागरणं, आंघोळ, औषधं हे सगळं भावाने आणि वहिनीने केलं. आपण पैसे पाठवले, फोन केले, वर्षा-दोन वर्षांनी गेलो. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाचा एक अख्खा दिवस कसा जातो, हे आपण जवळून बघितलेलंच नाही. आता तो दिवस आपल्याच घरात आला आहे.

थँक्सगिव्हिंगला लेक-जावई आणि नात आमच्याकडे राहायला होते. नात दहा वर्षांची. दुपारी सगळे पेंगत होते आणि मी एकटीच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. ती आली आणि म्हणाली, "आजी, रोज आजोबा झोपतात तेव्हा तू कोणाशी बोलतेस?" मी म्हटलं, "पुण्याला मावशीआजीला फोन करते की." ती घड्याळाकडे बघून म्हणाली, "पण तिथे तेव्हा रात्र असते ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

त्याच संध्याकाळी मी जेवताना म्हटलं की आपण एखादी सीनियर कम्युनिटी बघून यावी. आणि घरात जे वाजलं! हे म्हणाले, "या घराचा हप्ता फेडायला तीस वर्षं घालवली, मी इथून हलणार नाही." लेक म्हणाली, "तुम्ही दोघं आमच्याकडेच या." तिच्या घरी झोपायच्या खोल्या सगळ्या वरच्या मजल्यावर, दोघंही संध्याकाळी सातला घरी येणार. म्हणजे तिच्याकडे गेलो तरी दुपारी मी कोणाशी बोलणार, हा नातीचा प्रश्न पत्ता बदलून तसाच राहतो. कोणाचंच कोणाला पटलं नाही. हे जेवण अर्धवट टाकून उठले. त्यानंतर मी आणि माझी एक मैत्रीण अशा जागा बघत फिरलो. जे पाहिलं ते सांगते.

आपल्यात सगळ्याच जागांना एका माळेत ओवायची सवय आहे, आणि घोळ तिथे होतो. पंचावन्न-प्लस वसाहत म्हणजे पंचावन्न वर्षांपुढच्यांसाठीची नुसती घरं. १९६० साली ॲरिझोनात सन सिटी उघडलं, तेव्हापासून हा प्रकार लोकप्रिय झाला. गवत कापायला, बर्फ काढायला माणूस येतो, क्लबहाउस असतं, पत्ते खेळायला चार जण मिळतात. पण न्हाणीघरात पडलात तर आजच्यासारखाच ९११ ला फोन. तिथे शेजार मिळतो, शुश्रूषा नाही. फ्लोरिडात टवारिसला शांतिनिकेतन आहे, मुळात भारतीयांसाठीच उभं राहिलेलं. ज्यांना शेजार आपला हवा त्यांनी ते जरूर जाऊन बघावं.

दुसरा प्रकार कंटिन्युइंग केअरचा, हल्ली त्याला लाइफ प्लॅन कम्युनिटी म्हणतात. एकाच आवारात स्वतंत्र अपार्टमेंट, पुढे असिस्टेड लिव्हिंग म्हणजे रोजच्या कामांत मदत, मेमरी केअर म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांची देखभाल, आणि नर्सिंग. शिरताना मोठी रक्कम, बऱ्याच ठिकाणी काही लाख डॉलर, आणि वर महिन्याची फी. ही कल्पना मला मनापासून आवडली, कारण एकाची तब्येत ढासळली तरी दुसऱ्याला त्याला भेटायला फक्त एक इमारत ओलांडायची असते. हिवाळ्यात रोज चाळीस मैल गाडी चालवत नर्सिंग होमला जाणारे आपल्यात कोण होते, ते तुम्हाला माहीत आहे.

पण इथे एक गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक नसते. अशा ठिकाणी साधारणपणे धडधाकट असतानाच प्रवेश मिळतो. आधी तब्येत तपासतात, आणि चांगल्या जागांना वर्षानुवर्षांच्या याद्या असतात. "लागेल तेव्हा बघू" हे आपलं ठरलेलं वाक्य आहे, आणि लागेल तेव्हा हे दार बंद असतं. मग उरतं ते हॉस्पिटलमधून डिस्चार्जच्या दिवशी मुलांनी फोनवर शोधलेलं, त्या आठवड्यात जिथे खाट रिकामी असेल ते.

करारही तीन तऱ्हेचे असतात. 'ए' मध्ये आधी जास्त भरायचं, मग पुढे शुश्रूषा वाढली तरी महिन्याची फी साधारण तीच राहते, महागाईपुरती वाढते. 'सी' मध्ये आत शिरणं स्वस्त, पण मदत लागायला लागली की बाजारभावाने मोजायचं. 'बी' या दोन्हींच्या मधला. माहितीपत्रकात बागेचे फोटो मोठे असतात आणि ही अक्षरं बारीक. संस्था बुडाली तर आपली प्रवेशाची रक्कम परत मिळायच्या रांगेत आपण सहसा कर्ज दिलेल्यांच्या मागे असतो. म्हणून लेखापरीक्षण झालेले हिशेब मागा, किती घरं भरलेली आहेत ते विचारा, गेल्या काही वर्षांत फी कितीने वाढली ते विचारा. गाडी घेताना आपण तीन डीलर पालथे घालतो, इथे मात्र लॉबीतला पियानो बघून सही करायला निघतो.

"मेडिकेअर आहे ना?" पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल हेही मी फार ऐकते. मूळ मेडिकेअर हॉस्पिटलात सलग तीन दिवस दाखल राहिल्यावर नर्सिंग फॅसिलिटीचे जास्तीत जास्त १०० दिवस बघतं, त्यातले पहिले २० पूर्ण, पुढे रोजचा वाटा आपला. तेही उपचाराची गरज असेल तोवरच. आणि हॉस्पिटलात झोपवून 'ऑब्झर्व्हेशन'वर ठेवलं असेल तर ते दिवस त्या तिनात धरत नाहीत. हे दाखल होताना विचारायचं, घरी आल्यावर नाही. रोजची आंघोळ, कपडे घालणं, भरवणं, यासाठी वर्षानुवर्षं माणूस लागला तर मेडिकेअर देत नाही. मेडिकेड, म्हणजे हातात फारसं काही नसलेल्यांसाठीची सरकारी योजना, देतं, पण जवळचं जवळजवळ सगळं संपल्यावर. आणि बहुतेक राज्यांत नर्सिंगच्या खर्चासाठी अर्ज केला की मागच्या पाच वर्षांत काय काय देऊन टाकलं ते तपासलं जातं. घर मुलाच्या नावावर करायच्या बेतात असाल तर आधी या विषयातला वकील गाठा.

घरीच राहणं फुकट आहे, असंही समजू नका. जेनवर्थ या विमा कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत असिस्टेड लिव्हिंगचा मध्यक खर्च वर्षाला ७०,८०० डॉलर होता. घरी मदतनीस ठेवली, आठवड्याला ४४ तास, तर सुमारे ७८ हजार. आणि आठवड्याचे उरलेले तास? रात्र? तिथे आपण आणि आपला नवरा, दोघंही ऐंशीचे. इथे पासष्टच्या पुढच्या चारांतला एक जण दर वर्षी पडतो.

तरीही यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. स्वतःच्या ओट्यावर फोडणी दिली म्हणून धूर-सूचक वाजत नाही. कधीही जेवता येतं. तिथे साडेपाचला रात्रीचं जेवण मांडलेलं असतं, आणि दीड तासाने दिवे मंद. मागच्या अंगणातला गवती चहा, बरणीतलं लोणचं, आल्यागेल्याला "राहा की आज" म्हणायची मुभा, हे सगळं सोडून दोन खोल्यांत जायचं म्हणजे काय सोडायचं, ते ज्याचं त्यालाच कळतं. ज्यांना घरीच राहायचं आहे त्यांनी बोस्टनच्या बीकन हिलमधल्या शेजाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला काय केलं ते वाचावं. वर्गणी काढून त्यांनी संस्था उभी केली. गाडीने नेणं, नळ दुरुस्ती, विश्वासाचा माणूस, एकमेकांची विचारपूस. घर आपलंच, पण एकटं नाही. देशभर त्या धर्तीवर अशा संस्था झाल्या.

पुण्याला परत जाऊ, अथश्रीसारख्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहू, असंही काही जण म्हणतात. भाषा आपली, जेवण आपलं, डॉक्टर जिन्याखाली. फक्त मेडिकेअर तिथे साधारणपणे काही देत नाही, आणि जाताना मेडिकेअरचा पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, बंद केला तर परत आल्यावर प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्के जादा हप्ता कायमचा बसू शकतो. आणि नातवंडं इथे. मला ते जमणार नाही.

आता एक प्रसंग. एका जागी मेमरी केअरचा मजला दाखवायला नेत होते. मी भारतीय आहे म्हटल्यावर तिथली मदतनीस म्हणाली, "जरा आमच्या एका आजींशी बोलता का? रोज संध्याकाळ झाली की अस्वस्थ होतात, एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणतात, आम्हाला कळत नाही." मी गेले. खिडकीशी एक बाई, हातात शालीचं टोक घट्ट धरलेलं. त्या म्हणत होत्या, "दिवे लागले का गं? दिवे लागले का?" बस, एवढंच.

मी म्हटलं, "हो, लागले. शुभंकरोति म्हणू या?" त्यांनी हात जोडले आणि सगळं म्हटलं. मी अडखळले, त्या नाही. आयुष्यभर इंग्रजीत नोकरी केलेली बाई. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते, आणि मग उरते ती आईने शिकवलेली. त्या मदतनीसेने ते शब्द माझ्याकडून विचारून आपल्या फोनमध्ये लिहून घेतले. ती मूळची घानाची, तिला यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

तेव्हापासून जागा बघताना मी दोन गोष्टी आवर्जून बघते. न्हाणीघरातली मदतीची दोरी जमिनीपर्यंत येते का, कारण पडलेला माणूस जमिनीवर असतो. काही ठिकाणी ती दोरी साफसफाईला अडचण नको म्हणून वर गुंडाळून ठेवलेली सापडली. आणि रविवारी संध्याकाळी, न कळवता जाऊन बघते की एका मजल्यावर किती माणसं कामावर आहेत, आणि हाक मारली तर कोण किती वेळात येतं.

आता आपल्याला थोडं रागावते. रागवायचा माझा हक्क आहे, वय झालंय. आपल्यातलं एक जोडपं अशा ठिकाणी राहायला गेलं, तर आपण काय म्हणालो? "मुलांनी टाकलं." निर्णय त्या दोघांचा होता, विचार करून घेतलेला. संक्रांतीला त्यांच्याकडे कोण गेलं? दिवाळीत कोणी फराळाचा डबा नेऊन दिला? दर दोन वर्षांनी हजारो माणसांची अधिवेशनं आपण पेलतो, १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ चालवतो, नाटकाचा सेट ट्रकमधून या राज्यातून त्या राज्यात नेतो. आणि आपलं माणूस वीस मिनिटांवर असताना आपण जात नाही.

दुसऱ्यांनी काय केलं बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये १९७१ साली 'ऑन लोक' सुरू झालं. म्हातारी माणसं आपल्याच वस्तीत, आपल्या भाषेत राहावीत म्हणून दिवसभराचं केंद्र, डॉक्टर, ने-आण, जेवण. तेच पुढे पेस नावाने देशभर गेलं, १९९७ च्या कायद्याने मेडिकेअरचा कायमचा भाग झालं. लॉस एंजेलिसच्या जपानी समाजाने 'कैरो'ची वृद्धांसाठीची घरं कित्येक दशकं चालवली. पण २०१६ मध्ये समाजाचा मोठा विरोध असतानाही ती एका खासगी कंपनीला विकली गेली. दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर ठेवा. आपली स्वतःची इमारत बांधायचं स्वप्न मी आज मांडत नाही. आपल्या नातवंडांना ती लागणार नाही, आणि वीस वर्षांनी ती कोणाच्या हाती जाईल सांगता येत नाही.

मी एवढंच म्हणते की पाच-सहा घरांनी मिळून एकच चांगली चालती जागा निवडावी आणि एकदमच तिथे नाव नोंदवावं. पाच-सहा घरं एका मजल्यावर असली की स्वयंपाकघराच्या व्यवस्थापकाला आठवड्यातून दोनदा वरणभात करायला सांगता येतो, एकट्याने सांगितलं तर कोणी ऐकत नाही. दुपारी बोलायला कोणीतरी असतं. आणि घरी राहणार असाल तरी पॉवर ऑफ ॲटर्नी आणि हेल्थ केअर प्रॉक्सीचे, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार आणि उपचाराचे निर्णय कोण घेणार त्याचे, कागद या वर्षीच करा, मुलांना समोर बसवून. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये भावाबहिणींत भांडणं होतात ती आपण न बोलल्यामुळे. बाहेरच्या टेबलावर एक वही ठेवली आहे, ज्यांना बरोबर जागा बघायला यायचं आहे त्यांनी नाव आणि फोन लिहा.

आमच्याकडे मात्र अजून ठरलेलं नाही. परवा हे माझ्याबरोबर एक जागा बघायला आले, ही मोठी गोष्ट. परतताना गाडीत बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "समज, माझी स्मृती आधी गेली. मला त्या वरच्या मजल्यावर नेतील. तू रोज येशील, मला माहीत आहे. पण तू माझ्या आधी गेलीस तर तिथे माझ्याशी मराठीत कोण बोलणार?" लेक येईल, मी म्हटलं. "ती येईल शनिवारी," हे म्हणाले, "उरलेले सहा दिवस?"

याचं उत्तर मला एकटीला देता येत नाही. मंडळातल्या तरुणांपैकी कोणी आठवड्यातून एक तास देणार असेल तर त्याच वहीत मागच्या पानावर लिहा.