इथेनॉलच्या मागचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

पंपावर आता जे पेट्रोल मिळतं, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. २०३० चं उद्दिष्ट सरकारनं २०२५ वर आणलं होतं. या इथेनॉलमध्ये मका आणि तांदूळ आहेत, तसा ऊसही आहे. आणि ऊस म्हटला की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले तालुके आलेच. इथेनॉलचे पैसे लवकर हातात येतात, एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यायला कारखान्याला मदत होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हिशेब पुरा मांडावा.

नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय, की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २८६० लिटर पाणी लागतं. राधानगरी धरणाची स्वयंचलित दारं उघडतात तेव्हा आपल्याला हा आकडा टोचत नाही. सोलापूर-लातूरच्या ऊसकऱ्याला विचारा.

आणखी एक पाणी आहे, ते मागं उरतं. मळीपासून, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या दाट पाकापासून, लिटरभर इथेनॉल काढलं की साधारण आठ ते पंधरा लिटर काळपट, आम्लधर्मी सांडपाणी निघतं. ते नदीत गेलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच कितीदा पाहिलाय आपण! आता त्यात इचलकरंजीचं सांडपाणी आणि गावागावांचा मैलाही असतो, सगळा दोष एकट्या मळीचा नव्हे. उपायही आहे. हे पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळता येतं, राखेतलं पोटॅश शेताला घालता येतं. पण त्याला वाफ लागते, वीज लागते, खर्च येतो. संयंत्र बसवणं वेगळं आणि ते रात्रंदिवस चालू ठेवणं वेगळं.

विजेच्या गाडीचा आणि सौर पॅनेलचा हिशेबही असाच पुरा मांडावा लागतो. बॅटरीतलं कोबाल्ट बहुतेक काँगोतलं, लिथियमचा काही भाग चिलीच्या अटाकामा वाळवंटातलं खारं पाणी उन्हात आटवून काढलेला. सौर पॅनेलची चौकट अॅल्युमिनियमची, आणि अॅल्युमिनियम येतं बॉक्साइटमधून; त्याच्या खाणी आपल्या राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीलाही आहेत. तेवढं लांब जायला नको.

आपल्यातले पुष्कळजण कारखान्याचे सभासद आहेत. वार्षिक सभेत अहवाल ‘मंजूर, मंजूर’ म्हणत मिनिटभरात उरकतो. त्यात गाळप असतं, साखरेचा उतारा असतो, दर असतो. यंदा माईक हातात आला तर एवढंच विचारा: डिस्टिलरीचं सांडपाणी किती निघालं, त्यातलं किती जाळलं, आणि संयंत्र किती दिवस बंद होतं?