पोट भरल्याचा निरोप

पडद्यावरचे हे दोन्ही उंदीर एकाच वयाचे आहेत आणि दोघांना एकच खाद्य मिळते. तरीही उजवीकडच्याचे वजन डावीकडच्याच्या जवळपास तिप्पट आहे. अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली असे लठ्ठ उंदीर प्रथम आढळले. एकाच जनुकात आपोआप झालेला बदल त्याला कारणीभूत होता.

याच प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांनी दोन उंदरांच्या कुशी एकमेकींना शिवून, एकाचे रक्त दुसऱ्याच्या शरीरात खेळेल अशा जोड्या तयार केल्या. पाहणाऱ्याला हा प्रयोग क्रूर वाटेल, आणि तो तसा होताही. लठ्ठ उंदीर सडपातळ उंदराला जोडला, तेव्हा लठ्ठ उंदराचे खाणे कमी झाले. मग तसाच लठ्ठ उंदीर, तितक्याच लठ्ठ पण मधुमेह असलेल्या दुसऱ्या जातीच्या उंदराला जोडला. पहिल्याने अन्न सोडले आणि तो उपासमारीने मेला; दुसरा मात्र खातच राहिला. यावरून कोलमन यांनी ताडले, की पहिल्याच्या शरीरात तृप्तीचा निरोप देणारे संप्रेरक तयारच होत नाही, आणि दुसऱ्याच्या रक्तात ते मुबलक असूनही त्याचे शरीर त्याला दाद देत नाही. लठ्ठपणा हा केवळ खादाडपणाचा परिणाम असल्याची समजूत तेव्हा इतकी पक्की होती, की हे म्हणणे अनेकांच्या गळी उतरले नाही.

ते संप्रेरक हाती लागले १९९४ साली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचे जनुक शोधले. लेप्टिन नावाचे हे संप्रेरक चरबीच्याच पेशी बनवतात. शरीरात चरबी किती साठली आहे, हे मेंदूला त्यावरून कळते.

तीन वर्षांनी केंब्रिजमधील संशोधकांनी मूळ पाकिस्तानी कुटुंबातील दोन चुलत-मावस नात्यांतील मुलांची नोंद प्रसिद्ध केली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते आणि दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो. दोघांच्याही लेप्टिनच्या जनुकात एकच अक्षर गळले होते. या मुलांना किंवा त्यांच्या आईवडिलांना कोणत्या तोंडाने दोष द्यायचा? मुलीला रोज लेप्टिनचे इंजेक्शन सुरू झाल्यावर वर्षभरात तिचे वजन सुमारे १६ किलोंनी उतरले.

असे रुग्ण जगात मोजकेच आहेत. बहुतेक लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. मेंदूत हा निरोप पुढे नेणाऱ्या एमसी४आर या जनुकातील दोष हे एकाच जनुकामुळे येणाऱ्या तीव्र लठ्ठपणाचे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. त्याच्याजवळचा एक सर्वसामान्य बदल मोठ्या कंबरेशी आणि इन्शुलिनला मिळणाऱ्या कमी प्रतिसादाशी, म्हणजे मधुमेहाच्या पूर्वखुणांशी, निगडित असल्याचे २००८ साली लंडनमधील भारतीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासात दिसून आले.